ठोकलेल्या गाडीतून रेसची गाडी



कोल्हापूरच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं चारचाकीचं गॅरेज आहे. आमचे मालक इंजिनचं काम बघतात. मी वेल्डिंग करते आणि हिशोबाची वही लिहिते. वेल्डिंग मी लग्नानंतर शिकले. कारागीर सुट्टीवर गेला की काम अडायचं, म्हणून एकदा काच लावून बसले, ती बसलेच. आता चौदा वर्षं झाली.

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका वहिनींनी विचारलं, "तुमच्या पोरीनं भंगारातून रेसची गाडी केली म्हणे, ती नक्की कशी केली?" बाकीच्याही म्हणाल्या, रेडिओवरच सांगा, म्हणजे सगळ्यांना कळेल. म्हणून आज ते सांगते. कसं केलं ते सांगते, आणि कुठं चुकणार होतो तेही सांगते.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात आमच्या दारात क्रेननं एक मारुती 800 आणून ठेवली. सिग्नलला थांबलेली असताना पाठीमागून ट्रकनं ठोकली होती. डिकी मागच्या सीटपर्यंत आत आली होती. देवाची कृपा, आत माणसं दोनच होती आणि दोघं पुढं होती. खरचटलं, हाड मोडलं, पण वाचली. गाडीचा विमा होता तो नुसता थर्ड पार्टी. म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, आपल्या गाडीचं नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जात होता. मालकानं आठ दिवस विचार केला आणि आमच्याकडंच भंगारात दिली. अठरा हजाराला.

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अपघाताची गाडी दारात ठेवू नका, अपशकुन असतो." माझी लेक तेव्हा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला होती. ती आणि माझा पुतण्या गाडीभोवती दोन-तीन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "हिचं इंजिन चालू आहे. आपण हिच्यातून रेसची गाडी करू."

मी हसले. पण ते काही हवेतलं बोलत नव्हते. कोइंबतूरला एस. करिवर्धन म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी मारुती 800 चं इंजिन घेऊन एका माणसाची, उघड्या चाकांची रेसची गाडी तयार केली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणायचे. आपला नारायण कार्तिकेयन त्याच गाडीवर शिकला आणि 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय झाला. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. कोइंबतूरजवळच्या रेसच्या ट्रॅकला आज त्यांचं नाव आहे.

लेकीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त आवडली. लंडनमध्ये 1948 साली कॉलिन चॅपमन नावाच्या पोरानं ऑस्टिन सेव्हन नावाची जुनी गाडी खोलून तिच्यातून आपली पहिली स्पर्धेची गाडी केली. केली कुठं? त्याची मैत्रीण हेझल, तिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. पुढं 1952 ला त्यानं कंपनी काढली, तेव्हा हेझलनंच 25 पौंड उसने दिले. मग दोघांचं लग्न झालं. ती कंपनी म्हणजे लोटस. पुढं तिच्या गाड्यांनी फॉर्म्युला वनची जगज्जेतेपदं जिंकली. म्हणजे बघा, जागा बाईच्या घरची आणि पहिलं भांडवलही बाईचंच. आपल्या बचत गटात आपण हेच तर करतो.

आता काम कसं केलं ते सांगते.

सगळ्यात आधी कागद. गाडी मोडीत काढायची तर मालकानं आरटीओला कळवावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 मध्ये 14 दिवसांत किंवा लवकरात लवकर कळवा असं लिहिलं आहे. आरसी बुक रद्द करून घ्यायचं. चेसी नंबरचा तुकडा कापून जमा करायला लावतात. तुमच्यापैकी कुणाच्या घरची गाडी भंगारात गेली असेल तर हे नक्की करा. नाहीतर गाडी भंगारात आणि नाव तुमचंच. त्या नंबरवर कुणी काही उद्योग केला तर पोलीस तुमच्या दारात येतात.

दुसरं, आग. कटर लावायच्या आधी बॅटरी काढली. पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेली. हे मी मुद्दाम सांगते, कारण गावात रिकाम्या टाकीला, रिकाम्या बॅरलला सर्रास वेल्डिंग करायला आणतात. पेट्रोल संपलेलं असलं तरी आत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती वाफ वाईट. ठिणगी पडली की बॉम्बच. आमच्या गॅरेजात टाकीला वेल्डिंग होत नाही. तशी पाटीच लावली आहे.

मग गाडी खोलली. आठ रविवार गेले. प्रत्येक नट-बोल्ट कुठला ते चिठ्ठी लावून डब्यात. लेकीनं माझे जुने मसाल्याचे डबे सगळे नेले. पुढची दारं, समोरची काच, दिवे, सीट, डॅशबोर्ड विकलं, त्याचे साडेनऊ हजार आले. उरलेला सांगाडा 210 किलो भरला. किलोला 28 रुपयांनं 5,880 आले. अठरा हजारातून पंधरा हजार तीनशे ऐंशी परत. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक आणि चाकं आम्हाला पडली 2,620 रुपयांना. मालकांचा चेहरा तेव्हा जरा उजळला.

मारुती 800 मध्ये इंजिन पुढं आडवं बसतं. 796 सीसी, तीन सिलिंडर. गिअरबॉक्स त्यालाच चिकटलेला आणि ओढ पुढच्या चाकांना. रेसच्या गाडीत आम्ही हा पुढचा सगळा संच उचलून चालवणाऱ्याच्या पाठीमागं नेला. जी चाकं गाडी पुढून ओढत होती ती आता मागून ढकलायला लागली. ती वळू नयेत म्हणून त्यांचे रॉड सांगाड्याला पक्के केले. मग पुढं वळणारी चाकं हवीत. त्यासाठी भंगार बाजारातून दुसऱ्या एका 800 चे दोन नकल आणि हब आणले, आणि आपल्या गाडीचं स्टिअरिंग त्यांना जोडलं. नकल म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो ओतीव लोखंडी भाग. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढं त्याचंच रामायण आहे.

सांगाडा मात्र सगळा नवा. अपघाताच्या गाडीचा एक पत्राही त्यात नाही. बिनजोडाचे पाइप आणले, म्हणजे ज्यांच्या लांबीला शिवण नसते ते. डोक्यामागं जी कमान असते ती हेल्मेट घातलेल्या डोक्याच्या वर आली पाहिजे. गाडी उलटली तर वजन कमानीनं घ्यायचं, मानेनं नाही. माप कसं घेतलं? घर बांधताना गवंडी पाया आखतो तसं. पाण्याच्या नळीनं चारी कोपरे एका पातळीत केले आणि कर्ण मोजले. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरा, मग दुसरा दोरा. दोन्ही सारखे आले की सांगाडा काटकोनात. आधी नुसते टाके मारायचे, पोलक्याला कच्चा दोरा घालतो तसे. परत माप, मगच पक्कं वेल्डिंग. एकाच बाजूला सलग वेल्डिंग केलं तर तापून पाइप ओढला जातो. म्हणून थोडं इकडं, थोडं तिकडं. ते सगळे जोड माझ्या हातचे आहेत.

एवढं होईपर्यंत पैसे संपले. मी गटात पंधरा हजाराचा अर्ज टाकला. अध्यक्षताईंनी सरळ विचारलं, "ही गाडी रस्त्यावर चालणार का?" मी म्हटलं, नाही. तिला नंबर नाही, पासिंग नाही. गावातल्या रस्त्यावर काढली तरी गुन्हा. ट्रॅकवरच पळवायची, आणि तिथं टेम्पोत घालून न्यायची. "मग तिचा उपयोग काय?" मी खरं तेच सांगितलं, पोरगी शिकते आहे हाच उपयोग, आणि हप्ता माझ्या वेल्डिंगच्या पैशातून येईल. बराच वेळ चर्चा झाली. दोघी विरोधात होत्या. त्यांचं चुकत नव्हतं, पैसा सगळ्यांचा असतो. शेवटी मंजूर झालं.

आता ती नकलची गोष्ट.

पुढच्या महिन्यात ऑटोक्रॉस होती. म्हणजे मोकळ्या मैदानावर वळणं आखतात आणि एकेक गाडी घड्याळावर सोडतात. नाव नोंदवलं होतं, पैसे भरले होते. आठ दिवस उरले. गाडी जवळजवळ झाली होती. मी म्हटलं, चाकं बसवायच्या आधी चारी नकल मला द्या.

पुतण्या म्हणाला, "काकी, बाजारातले दोन तपासा. आपले दोन कशाला? आपली गाडी मागून ठोकली होती, पुढचं सगळं चांगलं आहे." सगळ्यांना तसंच वाटत होतं. मलाही.

तरी चारी तपासले. ही तपासणी सोपी आहे आणि जुनी आहे. लोखंड घासून, धुऊन स्वच्छ करायचं. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, रॉकेल नसेल तर डिझेल. सकाळी फडक्यानं कोरडं ठणठणीत पुसायचं आणि वरून खडूच्या पुडीचा पातळ हात द्यायचा. कुठं तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. डोळ्यांना जे दिसत नाही ते खडू दाखवतो. फार बारीक तडे यातही सुटतात, त्यासाठी लाल रंगाचे फवारे मिळतात. पण घरच्या घरी एवढं तरी होतं.

बाजारातले दोन्ही नकल साफ निघाले. आपल्या गाडीचा उजव्या बाजूचाही साफ. डाव्यावर, खालच्या बाजूला, बोटभर रेघ आली. मी पुसलं, परत खडू लावला. परत रेघ.

मग मालकांनी जुन्या मालकाला फोन लावला आणि नीट विचारलं. तो म्हणाला, हो, ट्रकनं ढकलल्यावर गाडी पुढं जाऊन डावं चाक दुभाजकावर आपटलं होतं. आम्ही आतापर्यंत हे विचारलंच नव्हतं. मोडलेलं जिथं दिसतं तिथंच मार बसला, असं आपण धरून चालतो.

पुतण्या म्हणाला, "काकी, तू एवढी चांगली वेल्डिंग करतेस, एक जोड मार. आता तर हे मागचं चाक आहे, स्टिअरिंगचं नाही." दुकानात विचारलं तर नवा नकल दोन हजाराला, आणि यायला दहा-बारा दिवस. ऑटोक्रॉस आठ दिवसांवर. लेक काही बोलली नाही, पण माझ्याकडं बघत होती.

मी चौदा वर्षं वेल्डिंग करते म्हणूनच मला माहीत आहे, की ओतीव भागाला जोड मारला तर जोड राहतो आणि त्याच्या शेजारचं लोखंड ठिसूळ होतं. वरून घासून रंग दिला की कुणाला कळणारही नाही. वळणावर पूर्ण ताण आला की ते मोडणार. चाक पुढचं असो की मागचं, निखळलं की गाडी उलटलीच. मी नाही म्हटलं. नाव नोंदवल्याचे पैसे बुडाले. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो नकल तिनं स्वतः वाइसमध्ये धरला आणि हातोडा मारला. दुसऱ्या घावात तो रेघेवरच तुटला. आतला अर्धा भाग काळा पडलेला होता, जुना तडा. उरलेला अर्धा चकचकीत, ताजा. म्हणजे एवढ्या अर्ध्यावर चाक राहणार होतं. तो तुकडा तिनं गॅरेजात खिळ्याला टांगून ठेवला आहे. आलात तर दाखवीन.

यानंतर दुसरा वाद झाला, गाडी चालवायची कुणी? सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की पुतण्या चालवणार. मालक म्हणाले, "पोरीनं बनवली तेवढं पुरे झालं. चालवायला नको. काही झालं तर?"

मी म्हटलं, काही झालं तर पुतण्याचंही होईल. तो माझ्या जावेचा मुलगा आहे. लेकीला बसवायला भीती वाटते आणि त्याला बसवायला वाटत नाही, हा कसला हिशोब? माझ्या जोडावर माझा विश्वास असेल तर दोघं बसतील. नसेल तर कुणीच बसणार नाही. मालक त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळी गाडी परत एकदा पान्यानं तपासली, एकेक बोल्ट. मग म्हणाले, "बसू दे."

आपल्या पुण्याच्या डायना पंडोले यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दोन मुलांची आई. 2024 साली चेन्नईच्या ट्रॅकवर त्यांनी सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यांचा फोटो लेकीनं कपाटावर चिकटवला आहे.

ज्वारी निघाल्यावर माळावर चाचणी घेतली. अंगावर उसना आणलेला सूट, डोक्यावर हेल्मेट, पट्टे नवे. अपघातात ताण बसलेला पट्टा परत वापरायचा नसतो, तो दिसायला चांगला असला तरी आतून ओढलेला असतो. पहिल्याच दिवशी कळलं की ब्रेक दाबला की पुढची चाकं जाम होऊन गाडी सरळ घसरते. कारण सरळ आहे. 800 मध्ये इंजिनचं वजन पुढं होतं, ब्रेक त्या हिशोबानं बसवलेले. आता वजन मागं आलं. म्हणून पुढच्या ब्रेकचा जोर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला. पार्ट तेच, पण जागा बदलली की सगळं गणित बदलतं. वजनकाट्यावर गाडी 420 किलो भरली. मूळची गाडी साडेसहाशेच्या आसपास असते.

पुढच्या हंगामात ऑटोक्रॉसला गेलो. देशातल्या मोटार शर्यतींवर एक फेडरेशन आहे, तिचं लायसन काढावं लागतं. तेही काढलं होतं. तिथं धावायच्या आधी तपासनीस गाडी बघतात. कमान, पट्टे, आग विझवायचा सिलिंडर, बाहेरून इंजिन बंद करायचं बटण, पेट्रोलच्या टाकीपुढचा पत्रा. त्यांनी माझ्या जोडांवरून हात फिरवला आणि विचारलं, "वेल्डिंग कुठून करून घेतलं?" लेकीनं माझ्याकडं बोट दाखवलं. ते मला नमस्कार करून पुढच्या गाडीकडं गेले.

अकरा गाड्यांत ती सातवी आली. पहिल्या वळणावर तिची गाडी गर्रकन फिरली, तिथं वेळ गेला. पण चारी चाकं जागेवर होती, आणि ती स्वतःच्या पायांनी उतरून आली. मी तेवढंच बघत होते.

आता हिशोब सांगते, कारण गटात तो सांगितला आहे. अपघाताच्या गाडीचे पार्ट 2,620. बाजारातले दोन नकल आणि हब 3,000. नवा नकल 2,000. पाइप 14,000. लेथचं काम 3,500. बेअरिंग आणि ब्रेकचं सामान 6,200. इंजिनचे गॅस्केट, बेल्ट, पंप 5,400. पट्टे 9,000. हेल्मेट 8,000. आगीचा सिलिंडर 1,500. एकूण 55,220. यात पाइप, पट्टे, हेल्मेट आणि सिलिंडर मिळून साडेबत्तीस हजार झाले. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त पैसा जीव राखायला गेला. गाडी पळवणारं सामान भंगारातून मिळालं, जीव राखणारं सगळं नवं घ्यावं लागलं. पुढं कधी पैसे वाचवावेसे वाटले तर ते कशातून वाचवायचे नाहीत, हे आता आम्हाला पाठ झालं आहे. गटाचे पंधरा हजार दहा हप्त्यांत फेडले. शेवटचा हप्ता लेकीनं भरला. तिला आता ट्रॉलीचे सांगाडे आणि गोठ्याची फाटकं करायची कामं येतात.

जाता जाता दोन गोष्टी. तुमच्या घरी ठोकलेली गाडी असेल, किंवा कुणी गाडीला जुना पार्ट बसवत असेल, तर विचारा, हा कुठल्या गाडीचा? ती गाडी कशी ठोकली होती? चाक, स्टिअरिंग, ब्रेक यांचा पार्ट खडू लावून तपासल्याशिवाय बसवू देऊ नका. मिस्त्री हसला तर हसू दे. तुमची पोरं त्याच गाडीतून शाळेला जातात.

आणि दुसरी, वेल्डिंग शिकायचं असेल तर आमच्याकडं या. रविवारी दुपारी मी मोकळी असते. काच मी देते, पायात बूट आणि अंगावर सुती कपडे तुमचे.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.